कॅप्टन ढीगभर, दंतकथा एकट्या कर्कचीच. असं का?

आडवाटे

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न टाकतोय. स्टार ट्रेक (अंतराळयानांवरच्या त्या अमेरिकन टीव्ही मालिका आणि सिनेमे) पाहणाऱ्यांनी तर लिहाच, पण न पाहणाऱ्यांचीही मतं हवी आहेत, कारण प्रश्न अर्धा त्यांच्याबद्दलच आहे.

ज्याने जन्मात एक भाग पाहिलेला नाही, त्यालाही कॅप्टन कर्क ऐकून माहीत असतो. पिवळा शर्ट, खुर्चीत जरा तिरका बसलेला, वाक्य तोडत तोडत बोलणारा. त्याच माणसापुढे सिस्को, जेनवे, आर्चर, पाईक या बाकीच्या कॅप्टनांची नावं घ्या, तो म्हणेल 'कोण?'. पिकार्डचं कपाळावर हात मारलेलं चित्र तेवढं सगळ्यांनी फॉरवर्ड केलेलं असतं, तेही तो कोण हे माहीत नसताना.

आता हिशेब बघा. कर्कची मूळ मालिका १९६६ ते १९६९, तीन सीझन, ७९ भाग. प्रेक्षक इतके बेताचे की दुसऱ्या सीझनलाच गाशा गुंडाळायची चिन्हं होती. चाहत्यांनी पत्रांचा भडिमार केला म्हणून तिसरा मिळाला. पिकार्डची 'नेक्स्ट जनरेशन' १९८७ ते १९९४, सात सीझन, १७८ भाग. पैसा जास्त, लेखन सरस (हे माझं मत), आणि पॅट्रिक स्टुअर्ट म्हणजे रॉयल शेक्सपियर कंपनीत मुरलेला नट. कागदावर पिकार्डच जिंकायला हवा.

माझा तर्क असा की कर्कची दंतकथा 'कोबायाशी मारू'त आहे. अंतराळ अकादमीतली ही परीक्षा जिंकता येतच नाही, ती तशीच रचलेली. हरताना कॅडेट कसा वागतो एवढंच बघायचं. कर्क दोनदा हरला आणि तिसऱ्या खेपेला त्याने परीक्षेचा प्रोग्रामच बदलून टाकला. वर शाबासकीही मिळवली. बाकीचे कॅप्टन नियमांशी वाद घालतात, हा पटच उलटवतो. लोकांना हरायला नकार देणारा माणूस आवडतो, बस.

तुम्हाला काय वाटतं?

सुकी_भेळ

पहिला आला म्हणून. विषय संपला. धागा बंद करा. :)

तिसरी_घंटा

@सुकी_भेळ, पहिला नव्हताच तो. पहिला पाईक. 'द केज' नावाचा पायलट (वाहिनीला दाखवायचा नमुन्याचा भाग) आधी तयार झाला, त्यात जेफ्री हंटर कॅप्टन होता. वाहिनीला तो फार डोकेबाज वाटला, नापास केला. मग दुसरा पायलट काढायची मुभा मिळाली आणि कर्क म्हणून शॅटनर आला.

तो पाईक बघण्यासारखा आहे. थकलेला, मोहिमेत गमावलेल्या माणसांचं ओझं घेऊन बसलेला. डॉक्टर त्याला केबिनमध्ये मार्टिनी करून देतो आणि हा सांगतो की सोडून द्यावंसं वाटतंय सगळं. १९६४ साली चित्रित केलेलं आहे हे! म्हणजे विचारी, दमलेला कॅप्टन आधी ठेवला होता, आणि तो नको म्हणाले म्हणून कर्क आला.

सुकी_भेळ

बरं. पहिला *दिसला* म्हणून. लोकांची शुद्धलेखन तपासायची सवय जात नाही.

म्युनिकवासी

'पहिला म्हणून' वाल्यांसाठी इकडचा एक दाखला. अमेरिकेत स्टार ट्रेक ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झालं. नऊ दिवसांनी, १७ सप्टेंबरला, जर्मन टीव्हीवर 'राउमपाट्रुल्ये ओरियन' आलं. कॅप्टन क्लिफ अॅलिस्टर मॅक्लेन. आज्ञा मोडण्यात पटाईत, म्हणून शिक्षा म्हणून गस्तीवर पाठवलेला. हा पुन्हा काही उपद्व्याप करू नये म्हणून सुरक्षा खात्याने तमारा यागेलोव्स्क नावाची अधिकारी त्याच्या यानावर बसवलेली, आणि त्या दोघांची खडाजंगी हाच निम्मा मसाला. बजेट असं की यानाच्या कन्सोलवर चक्क कपड्यांच्या इस्त्रीचे भाग लावले होते. एकदा दिसले की नंतर डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही.

माझ्या हापिसातले साठीच्या पुढचे लोक अजून मॅक्लेनचं नाव काढलं की खुलतात. जर्मन भाषकांच्या बाहेर फारसं कोणी विचारत नाही. वर्ष तेच, महिनासुद्धा तोच, स्वभावही जवळपास कर्कचाच. फक्त भाग सात. सातच.

तेव्हा 'हरायला नकार' वगैरे ठीक आहे, पण दंतकथेला आधी पोट भरेल एवढी शिदोरी लागते.

टिंबटिंब

@म्युनिकवासी, शिदोरीपेक्षा पुनःप्रक्षेपण म्हणा. १९६९ ला मालिका बंद पडली आणि खरी चालली ती त्यानंतर. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांनी ते ७९ भाग रोज लावले. शाळा सुटून घरी आलेली पोरं तेच तेच पुन्हा बघत मोठी झाली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं पहिलं मोठं संमेलन भरलं, म्हणजे मालिका बंद होऊन तीन वर्षं होत आल्यावर! आणि १९७६ ला नासाच्या पहिल्या शटलचं नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठरलेलं असताना चाहत्यांच्या पत्रांमुळे कर्कच्या यानाचं, 'एंटरप्राइझ' झालं. शटल बाहेर काढलं त्या दिवशी मूळ संचातले बहुतेक नट हजर होते. शॅटनर सोडून.

अण्णा_बेळगावकर

कॅप्टनच गैरहजर? हाफ डे टाकला असेल.

फुटाणे

मी त्या न पाहणाऱ्यांपैकी. माझ्या माहितीतला कर्क म्हणजे प्रत्येक ग्रहावर एक प्रेयसी आणि रोज एक मारामारी. एवढ्यावर दंतकथा होते असं असेल तर आमच्या कॉलेजात दोनतीन होत्या.

सुकी_भेळ

फुटाणे +१

अण्णा_बेळगावकर

अवांतर होणार आहे, आधीच माफी.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं, ते आमच्या पिढीचं पहिलं दर्शन. इंग्रजी कोणाला कळत होतं? आम्ही आळीतली सगळी पोरं एका घरात, पुढे बसायला जागा मिळावी म्हणून आंघोळ उरकून लवकर जायचो. कर्क काय बोलतो ते कळायचं नाही. कान टोकदार असलेल्याने भुवई वर केली की काहीतरी बिघडलंय आणि डॉक्टर चिडला की फार बिघडलंय, एवढ्यावर गोष्ट लागायची. आणि शेवटी तिघं मिळून हसायचे म्हणजे आता सगळं ठीक.

मग आपलं स्वतःचं 'स्पेस सिटी सिग्मा' आलं. कॅप्टन तारा! आणि तो झखाकू. आम्ही आठवडाभर झखाकूचा आवाज काढत फिरायचो. आज कॅप्टन ताराने नेमकं काय केलं हे विचाराल तर मला सांगता येणार नाही. व्हिलन लक्षात आहे, कॅप्टन नाही. आडवाटे, तुमच्या प्रश्नाला यात काही धागा सापडतो का बघा.

आणखी एक. १९७९ च्या पहिल्या स्टार ट्रेक सिनेमात आपली मुंबईची पर्सिस खंबाटा होती. १९६५ ची मिस इंडिया. त्या भूमिकेसाठी तिने केस पूर्ण उतरवले होते. आणि कर्कचा सगळ्यांत मोठा शत्रू खान नूनियन सिंग, गोष्टीत उत्तर हिंदुस्तानातला, करणारा नट मेक्सिकन. म्हणजे बाई आपली, ती परग्रहावरची; आणि आपला म्हणून दाखवलेला माणूस मेक्सिकोचा.

तिसरी_घंटा

अण्णा, अवांतर नाहीच हे. 'व्हिलन लक्षात राहिला' हा मुद्दा पक्का आहे. खान नसता तर कर्क एवढा मोठा झाला नसता. १९६७ ला एका भागात येऊन गेलेला माणूस पंधरा वर्षांनी, १९८२ च्या 'रॅथ ऑफ खान'मध्ये सूड घ्यायला परत येतो.

आणि त्या सिनेमातला कर्क बघा. वाढदिवस आहे, वय झालंय, डॉक्टर मॅकॉयने भेट म्हणून जुन्या पद्धतीचा चष्मा दिलाय कारण डोळ्यांचं औषध याला सोसत नाही. समोरून आपलंच एक यान येतंय पण उत्तर देत नाही. सावीक ही नवखी पोरगी नियम वाचून दाखवते की अशा वेळी संरक्षक कवच चढवायचं असतं. तिचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. आणि मग मार बसतो. शिकाऊ पोरं मरतात, त्यात इंजिनिअर स्कॉटीचा भाचा. पुढच्या पाच मिनिटांत हा दंतकथेतला कॅप्टन खिशातला चष्मा चाचपडून डोळ्यांवर चढवतो, का तर शत्रूच्या यानाचं कवच उतरवायचा सांकेतिक आकडा वापरायचाय. मला अख्ख्या स्टार ट्रेकमधला हा सगळ्यांत आवडता क्षण.

आणि @आडवाटे, कोबायाशी मारूची गोष्ट याच सिनेमात सांगितलीय ना, ती कौतुकाने नाही. शेवटी स्पॉक (अण्णांचा तो टोकदार कानवाला) मरतो तेव्हा कर्क मुलापुढे कबूल करतो की मी मृत्यूला कधी सामोरा गेलोच नव्हतो, फसवून निसटत आलो आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत राहिलो. ज्याला तुम्ही दंतकथेचं मूळ म्हणताय त्याचं बिल सिनेमा शेवटी त्याच्याच हातात ठेवतो.

नऊवारी_नेब्युला

सगळे बाप्ये जमलेत म्हणून कॅप्टन कॅथरिन जेनवेची बाजू मांडायला आले.

बाकी सगळ्यांना फोन लावला की मुख्यालय उचलतं. जेनवेचं यान व्हॉयेजर पहिल्याच भागात ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं. घरी पोचायला ७५ वर्षं. मदत नाही, दुरुस्तीचा तळ नाही, अर्धे सहकारी कालपर्यंत बंडखोर होते. हातात आहे काय, तर नियमावली आणि कॉफी. तीही रेशनिंगवर. (एका ढगात इंधन असेल म्हणून यान वळवलं जातं आणि बाई म्हणतात त्या ढगात कॉफी आहे. माझ्यासाठी दंतकथा तिथेच सिद्ध झाली.)

आता मुद्दा. नियम मोडला की कर्क 'दिलदार', जेनवे 'लहरी'. तोच निर्णय, तीच खुर्ची. दंतकथा कॅप्टनच्या कर्तृत्वाने ठरते असं समजणाऱ्यांनी ती कोण सांगतंय हेही बघावं.

फुटाणे

हे पटलं.

सुकी_भेळ

सगळं मान्य, पण ट्युविक्स?

नऊवारी_नेब्युला

आलं! मला वाटलंच होतं. दहाव्या प्रतिसादाच्या आत येतं, आज जरा उशीर झाला.

फुटाणे

ट्युविक्स काय आहे?

सुकी_भेळ

ट्रान्सपोर्टरच्या (माणसांना क्षणात एका जागेहून दुसरीकडे पाठवणाऱ्या यंत्राच्या) अपघातात टुवोक आणि नीलिक्स हे दोन सहकारी मिसळून एकच माणूस तयार होतो. तो ट्युविक्स. चांगला माणूस, सगळ्यांना आवडतो, कामात चोख. काही आठवड्यांनी दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते. ट्युविक्स म्हणतो मला मरायचं नाही. जेनवे म्हणते इलाज नाही. डॉक्टर नकार देतो, मी रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध मारणार नाही म्हणून. तर बाई स्वतः बटण दाबतात.

मध्यरात्रीचा_चहा

खून.

नऊवारी_नेब्युला

दोन जणांचा जीव वाचवला. त्यांची परवानगी ट्युविक्सने घेतली होती का?

मध्यरात्रीचा_चहा

त्याने काय घ्यायची, तो जन्माला आला!

सुकी_भेळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टिंबटिंब

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक मंडळ

ट्युविक्सवर वेगळा धागा काढावा. या विषयावर आधीचे दोन धागे वाचनमात्र करावे लागले आहेत, याची सदस्यांनी नोंद घ्यावी.

मध्यरात्रीचा_चहा

बरं, मूळ विषयावर. माझा उमेदवार 'डीप स्पेस नाइन' मालिकेतला बेंजामिन सिस्को. त्याला 'यानाचा कॅप्टन' म्हणण्यावर आक्षेप येईल, कारण तो बहुतेक काळ अंतराळस्थानकावर असतो आणि कॅप्टन ही पदवीसुद्धा तिसऱ्या सीझनच्या शेवटी मिळते. तोपर्यंत कमांडर. पण हाताशी 'डिफायंट' नावाचं यान आहे, युद्ध आहे, आणि निर्णय सगळ्यांत अवघड याच्याच वाट्याला.

१९९८ चा 'इन द पेल मूनलाइट' हा भाग न पाहिलेल्यांनी आज रात्री बघा. युद्ध हातातून चाललंय. दर शुक्रवारी मेलेल्यांच्या याद्या लागतात. रोम्युलन (परग्रहावरची एक बलाढ्य जमात) तटस्थ आहेत, ते आपल्या बाजूने उतरले तरच टिकाव लागेल. सिस्को ठरवतो की त्यांना खोटा पुरावा दाखवायचा. मदतीला गॅरॅक, म्हणजे शिंप्याचं दुकान चालवणारा जुना हेर. एक खोटं झाकायला दुसरं, त्याला लाच, याला धमकी. बनावट उघडी पडते, आणि तो रोम्युलन सिनेटर परत जाताना त्याचं यान स्फोटात उडतं. गॅरॅकचं काम. रोम्युलन युद्धात उतरतात. योजना फळली.

हे सगळं सिस्को कॅमेऱ्यात बघत सांगतोय, स्वतःच्या नोंदवहीत. कॉलर सैल केलेली, हातात पेला. शेवटी स्वतःलाच बजावतो की मी हे पचवू शकतो. मग कॉम्प्युटरला सांगतो, ही नोंद पुसून टाक.

कर्कने हे केलं असतं का? पिकार्डने? मला सिस्को या दोघांपेक्षा मोठा वाटतो, कारण त्याने हात घाण करून घेतले आणि हात घाण झालेत हे त्याला कळत होतं. तरी दंतकथा नाही. का नाही, ते मला खरंच कळत नाही.

तिसरी_घंटा

@मध्यरात्रीचा_चहा, तुमच्याच शेवटून दुसऱ्या परिच्छेदात उत्तर आहे. नोंद पुसून टाक.

जरा सविस्तर लिहितो, कारण हे आत्ता वाचताना डोक्यात आलं.

सिस्कोचा सगळ्यांत मोठा पराक्रम कोणाला माहीत आहे? गॅरॅक आणि तो स्वतः. पिकार्डचे मोठे क्षण आठवा. 'द इनर लाइट' (१९९२): कुठलंसं यंत्र त्याच्या मनात शिरतं आणि पंचवीस मिनिटांच्या बेशुद्धीत तो दुसऱ्या एका मरत चाललेल्या ग्रहावर चाळीस वर्षं जगतो. बायको, मुलं, नातवंडं, बासरी शिकणं. शुद्धीवर येतो तेव्हा सहकाऱ्यांच्या लेखी चहा गार व्हायच्या आत सगळं झालेलं असतं. मग तो केबिनमध्ये एकटा बसून बासरी वाजवतो. ऐकायला कोणी नाही.

'चेन ऑफ कमांड': शत्रूपक्षाचा, कार्डॅशियन जमातीचा अधिकारी छळ करून चार दिवे पाच आहेत असं वदवून घ्यायला बघतो. पिकार्ड शेवटपर्यंत ओरडतो, चारच आहेत. लोक एवढंच लक्षात ठेवतात. पण शेवटच्या दृश्यात तो यानावरच्या समुपदेशक ट्रॉयला हळूच सांगतो की सुटकेच्या क्षणी मला खरंच पाच दिवे दिसायला लागले होते. हेही एकाच व्यक्तीला, बंद दाराआड. बोर्ग या अर्धयांत्रिक शत्रूने त्याला पकडून आपल्यातलाच एक, 'लोक्युटस', करून ३९ यानांचा धुव्वा उडवला, त्याचं रडूही तो फ्रान्समध्ये द्राक्षमळ्याच्या चिखलात भावापुढे रडतो. जहाजावर नाही.

आता कर्क. एकही मोठा प्रसंग असा नाही की शेजारी स्पॉक आणि मॅकॉय नाहीत. एक म्हणतो हे तर्कात बसत नाही, दुसरा म्हणतो हा माणूस वेडा आहे, आणि तिसऱ्याने ते करून दाखवलेलं असतं. अण्णांना इंग्रजी न कळता गोष्ट कळत होती ती कोणामुळे? भुवई आणि डॉक्टरची चिडचिड यांच्यामुळे. ते दोघं कर्कचे साक्षीदार आहेत. पराक्रम कितीही करा, सांगणारा कोणी नसेल तर तो चरित्रात जातो, दंतकथेत जात नाही.

आडवाटे

@तिसरी_घंटा, हे जबरी आहे. साक्षीदारांचा मुद्दा मला माझ्या कोबायाशी मारूपेक्षा जड वाटतोय. पण एक शंका. पिकार्डलाही रायकर, डेटा, वॉर्फ आहेत की. 'मेझर ऑफ अ मॅन'मध्ये यंत्रमानव डेटा ही मालमत्ता नसून व्यक्ती आहे यासाठी तो भर न्यायालयात लढतो. साक्षीदारच साक्षीदार! मग ती दंतकथा का नाही?

रोहिणी_नक्षत्र

बराच वेळ नुसती वाचत होते, आता राहवत नाही.

@फुटाणे, तुम्ही वर लिहिलंत ना, प्रत्येक ग्रहावर प्रेयसी आणि रोज मारामारी. हा कर्क मालिकेत फारसा नाहीच. मूळ ७९ भाग मी अलीकडेच ओळीने बघितले. दुसऱ्या पायलटमध्ये त्याचा जुना मित्र गॅरी मिचेल आठवण सांगतो की अकादमीत कर्क म्हणजे पाय फुटलेला पुस्तकांचा ढीग होता. शिकवताना पोरांना घाम फोडणारा, रुक्ष माणूस.

'कॉर्बोमाइट मनूव्हर' घ्या. अवाढव्य परकं यान, दहा मिनिटांत उडवतो म्हणून धमकी. स्पॉक म्हणतो बुद्धिबळात मात झाली की डाव संपतो. कर्क म्हणतो बुद्धिबळ नाही, पोकर. आणि सरळ चेहऱ्याने थाप मारतो की आमच्या यानात कॉर्बोमाइट नावाचा पदार्थ आहे, हल्ला केलात तर तुम्हीही जाल. थाप चालते. पण खरी गोष्ट पुढे आहे. ते यान संकटात आहेसं वाटल्यावर हा स्वतः तिकडे मदतीला जातो. 'अरीना'मध्ये गंधक, सोरा, कोळसा गोळा करून बांबूसारख्या पोकळ नळीची तोफ बनवतो, हिरे दारूगोळा म्हणून ठासतो, त्या गॉर्न सरड्याला आडवा करतो आणि मग मारायला नकार देतो. 'डेव्हिल इन द डार्क'मध्ये खाणकामगारांना मारणारा राक्षस म्हणजे आपली अंडी वाचवणारी आई निघते, आणि कर्क तिच्यात आणि कामगारांत समेट घडवून आणतो. प्रेमाचं म्हणाल तर भूतकाळात भेटलेल्या ज्या एडिथ कीलरवर त्याचा खरा जीव जडला तिला तो गाडीखाली जाताना थांबवत नाही, मॅकॉयलाही धरून ठेवतो, कारण ती वाचली तर इतिहास बिघडणार.

म्हणजे मूळचा कर्क बऱ्यापैकी पिकार्डच आहे! लोकांना माहीत असलेला कर्क हा नकलाकारांनी, विनोदी कार्यक्रमांनी आणि अर्धवट आठवणींनी घडवलाय. 'बीम मी अप, स्कॉटी' हे सगळ्या जगाला पाठ असलेलं वाक्य त्या ७९ भागांत या शब्दांत एकदाही नाही.

@आडवाटे, तुमच्या शंकेचं माझं उत्तर हे. पिकार्डला साक्षीदार आहेत, पण ते जे घडलं तेच सांगतात. पिकार्डबद्दल चुकीचं सांगताच येत नाही, तो इतका नेमका लिहिलाय. कर्कबद्दल कोणीही काहीही ठोकून द्यावं आणि ते शोभावं. पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्याने पदरची भर घालायला जागा लागते, ती कर्कमध्ये आहे.

अण्णा_बेळगावकर

रोहिणीताई, दंडवत.

मध्यरात्रीचा_चहा

रोहिणीताईंना मालिकेतूनच दुजोरा. डीप स्पेस नाइनचा १९९६ चा तो भाग आठवा, ज्यात सिस्को आणि मंडळी भूतकाळात जाऊन कर्कच्या यानावर पोचतात. चौकशीला आलेले कालविभागाचे अधिकारी कर्कचं नाव ऐकताच कपाळाला आठ्या घालतात: काळाचे नियम मोडल्याचे १७ गुन्हे, आजवरची सर्वांत जाड फाइल. आणि माझा सिस्को, ज्याने वर लिहिलेलं सगळं केलं, तो शेवटी काय करतो? ड्युटीची यादी पुढे करून कर्कची सही घेतो. सहीसाठी बहाणा! मला तेव्हा राग आला होता, आता हसू येतंय.

म्युनिकवासी

जपानी उदाहरण देऊन झोपायला जातो. १९७४ च्या 'यामातो' या कार्टून मालिकेतले कॅप्टन ओकिता. आजारी, पांढरी दाढी, पृथ्वी वाचवायला निघालेले. शेवटच्या भागात खिडकीतून पृथ्वी दिसते आणि ते प्राण सोडतात. सुंदर शेवट. १९८३ च्या सिनेमात निर्मात्यांनी त्यांना परत जिवंत केलं. निदान चुकीचं झालं होतं म्हणे.

सुकी_भेळ

डॉक्टर कोण होता? :D

टिंबटिंब

रोहिणीताईंचं वाचून एक आठवलं. १३ ऑक्टोबर २०२१ ला शॅटनर वयाच्या नव्वदाव्या वर्षी खरोखर अंतराळाच्या कडेला जाऊन आला. सगळ्यांना वाटलं बाहेर येऊन काहीतरी दणदणीत बोलेल. तो उतरल्यावर रडला, आणि पुढे लिहिलं की वर मला फक्त काळोख आणि मरण दिसलं, खालच्या पृथ्वीसाठी शोक वाटला. हा तर पहिल्या पायलटमधला पाईक झाला. तरी दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांचे मथळे 'कॅप्टन कर्क अंतराळात' असेच.

नऊवारी_नेब्युला

जागा ठेवायची म्हणताय तर जेनवेतही भरपूर आहे. मागच्या भागात यान मोडकळीला आणि पुढच्या भागात नवंकोरं, ते कोणी नीट केलं? दंतकथेला यापेक्षा काय मोकळी जागा हवी?

आडवाटे

:)) हे मान्य. पण मग पाईकचं काय करायचं? २०२२ पासून 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये त्याला पुन्हा आणलाय. आपला अपघात कधी आणि कसा होणार हे आधीच माहीत असलेला, तरी सगळ्यांना स्वतःच्या हाताने जेवायला करून वाढणारा कॅप्टन. नव्या पोरांना तोच सगळ्यांत आवडतो असं दिसतं. वीस वर्षांनी हा धागा कोणी काढला तर नाव बदललेलं असेल का?

तिसरी_घंटा

आवडणं वेगळं. त्याची नक्कल करून दाखवा बघू. कर्कची आत्ता, उभ्या उभ्या, कोणीही करतं. शॅटनरची... वाक्यं... तोडण्याची... पद्धत.

रोहिणी_नक्षत्र

तीही भागांमध्ये तितकी नाही हो!

फुटाणे

ठरलं. बघतो. कुठून सुरू करू? एक सांगा, दहा नको.

रोहिणी_नक्षत्र

'बॅलन्स ऑफ टेरर'. पाणबुडीसारखी लपाछपी, आणि समोरचा रोम्युलन कमांडर कर्कच्याच तोलाचा.

तिसरी_घंटा

छे. 'स्पेस सीड' (खानचा तो १९६७ चा भाग) आणि लगेच 'रॅथ ऑफ खान'. त्याच क्रमाने.

मध्यरात्रीचा_चहा

थेट डीप स्पेस नाइन. पहिला सीझन सोसावा लागेल.

नऊवारी_नेब्युला

व्हॉयेजर. ट्युविक्स वगळून.

फुटाणे

एक म्हटलं होतं. असो, नेटवर जे पहिलं सापडलं ते लावलंय. सिनेमा आहे. कर्क आत्ताच यानाकडे निघाला, बाहेरून यान दाखवताहेत. अजून दाखवताहेत. मी चहा करून आलो, अजून तेच. पोस्टरवर एक टक्कल केलेली बाई आहे, ती कोण?

अण्णा_बेळगावकर

अरे बाबा, तीच पर्सिस! वर लिहिलंय ना मी. धागा वाचतोस की नुसते +१ गोळा करतोस?

तिसरी_घंटा

फुटाणे, बंद कर. १९७९ चा लावलायस तू. आत्ताच्या आत्ता बंद कर, नाहीतर आयुष्यात परत स्टार ट्रेक बघणार नाहीस.

फुटाणे

थांबा हो, यान आता कुठे संपत आलंय.